डावीकडे निघालेल्या आगबोटी

जेम्स बार्डच्या चित्रातली आगबोट डावीकडे निघालेली असते. नाळ डावीकडे, सुकाणू उजवीकडे आणि बोटीचं सगळं डावं अंग आपल्यासमोर सरळ उलगडलेलं. त्याला अपवाद शोधावे लागतात. वादळ नाही, कललेली डोलकाठी नाही, धुक्यातून अर्धवट दिसणारं काही नाही. नदीचं पाणी शांत, नाळेपाशी पांढऱ्या फेसाची एक वळी, मागे ठेंगण्या टेकड्या, आणि चित्राच्या रुंदीभर ती पांढरी बोट. मध्यभागी पॅडलचाक झाकणारी अर्धगोल पेटी, तिच्यावर ठळक अक्षरांत बोटीचं नाव. झेंडे सगळे फडफडणारे. सज्जावर काळे डगले आणि उंच टोप्या घातलेली काही माणसं, ताठ, एकाच साच्यातून काढल्यासारखी.

पहिल्या नजरेत हे चित्र एखाद्या मन लावून काढणाऱ्या शाळकरी मुलाचं वाटतं. पण कठड्यापाशी जाऊन बघायला लागलं की मत बदलतं. कठड्याचा प्रत्येक गज वेगळा काढलेला आहे. खिडक्यांच्या झडपा मोजता येतात. पॅडलपेटीवरच्या लाकडी पट्ट्या मध्यातून किरणांसारख्या पसरतात आणि दोन पट्ट्यांमधली फट सगळीकडे सारखी राहते. वरच्या मजल्याचे खांब खालच्या खांबांच्या बरोबर ओळीत उभे आहेत. जिथे नाहीत, तिथे प्रत्यक्ष बोटीतही नसणार, असा विश्वास बघता बघता बसत जातो. बॉयलरपासून धुराड्यापर्यंत, धुराड्यापासून त्याला ताणून धरणाऱ्या तारांपर्यंत, कुठलीच वस्तू ‘साधारण अशी असते’ म्हणून आलेली नाही.

बार्ड १८१५ साली न्यू यॉर्कमध्ये जन्मला आणि १८९७ साली वारला. जॉन आणि जेम्स हे जुळे भाऊ. चित्रकलेचं रीतसर शिक्षण दोघांनाही मिळालेलं दिसत नाही. त्यांचं गिऱ्हाईक कलाप्रेमी धनिक नव्हतं, प्रदर्शनंही नव्हती. चित्रं मागवणारे होते बोटींचे मालक, कप्तान आणि बोटी बांधणारे कारखानदार. म्हणजे ज्यांना त्या बोटीचा खिळान्‌खिळा ठाऊक होता असे लोक. चूक झाली तर ती पहिल्या मिनिटाला पकडली जाणार, आणि पकडणारा माणूसच पैसे देणार. बार्डच्या चित्रांची सगळी गंमत आणि सगळं मोठेपण मला या एका गोष्टीत दिसतं. जाणत्या डोळ्यांच्या कसोटीला उतरायचं म्हणून त्यानं चोखपणा धरला, आणि आयुष्यभर धरून ठेवता ठेवता तीच त्याची कला झाली.

त्याच्या बोटी हडसन नदीच्या. न्यू यॉर्क बंदरापासून उत्तरेला आल्बनीपर्यंत या नदीत मोठी बोट सहज जाते. अंतर सुमारे १५० मैल. १७ ऑगस्ट १८०७ रोजी रॉबर्ट फुल्टनची आगबोट याच वाटेनं निघाली आणि ३२ तासांत आल्बनीला पोचली. वाऱ्याची वाट न बघता, भरती-ओहोटीची मिनतवारी न करता माणसं वरच्या अंगाला जाऊ शकतात हे त्या प्रवासानं सिद्ध झालं. पण ही वाट सगळ्यांना मोकळी नव्हती. न्यू यॉर्क राज्यानं फुल्टन आणि त्याचा भागीदार रॉबर्ट लिव्हिंग्स्टन यांना आपल्या पाण्यात वाफेची बोट चालवण्याचा मक्ता देऊन टाकला होता. दुसऱ्या कुणी बोट आणली तर ती जप्त होण्याची भीती.

हा मक्ता मोडणाऱ्या भांडणातल्या एका बोटीचं नाव ‘बेलोना’. मालक टॉमस गिबन्स, आणि कप्तान कॉर्नेलियस व्हँडरबिल्ट, जो पुढे अमेरिकेतला सगळ्यात श्रीमंत माणूस झाला. व्हँडरबिल्ट न्यू जर्सीच्या किनाऱ्यावरून उतारू भरून न्यू यॉर्कच्या धक्क्याला लावायचा आणि समन्स घेऊन आलेल्या माणसांना चकवून परत निघायचा. गिबन्स आणि मक्तेदारांकडून परवाना घेतलेला ऑग्डन यांचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. २ मार्च १८२४ रोजी सरन्यायाधीश जॉन मार्शल यांनी निकाल दिला की राज्याराज्यांमधल्या व्यापाराचं नियमन हा केंद्राचा अधिकार आहे. न्यू यॉर्कचा मक्ता रद्द. अमेरिकेतल्या कायद्याच्या विद्यार्थ्यांना हा निकाल आजही अभ्यासावा लागतो. बार्डच्या पहिल्या चित्राची जी नोंद मिळते ती १८२७ सालची, आणि त्या चित्रातली बोट हीच, ‘बेलोना’. तेव्हा जुळी भावंडं बारा वर्षांची होती.

मक्ता गेला आणि हडसनवर बोटींची झुंबड उडाली. एका कंपनीनं भाडं उतरवलं की दुसरी आणखी उतरवायची. १८३४ साली व्हँडरबिल्टनं आल्बनीच्या वाटेवर भाडं इतकं खाली आणलं की शेवटी उतारू फुकट नेले आणि जेवणाचे पैसे लावले. प्रतिस्पर्ध्यांना त्याला पैसे देऊन नदीवरून घालवावं लागलं. बोट किती वेगानं जाते हे वर्तमानपत्रांत छापून यायचं, त्यावर पैजा लागायच्या. १ जून १८४७ रोजी ‘ओरेगॉन’ आणि ‘सी. व्हँडरबिल्ट’ या दोन बोटींची हजार डॉलरची शर्यत झाली. ‘ओरेगॉन’चा कोळसा वाटेत संपत आला तेव्हा खुर्च्या-टेबलं, आतलं लाकूडसामान, जे हाती लागेल ते भट्टीत घातलं गेलं. ‘ओरेगॉन’ जिंकली. फुल्टनला ३२ तास लागलेली वाट १८५०च्या सुमाराला उत्तम बोटी आठ तासांच्या आसपास कापत होत्या.

अशा काळात बोटीचा मालक आपल्या बोटीचं चित्र करून घेणारच. कचेरीच्या भिंतीवर लावायला, घरी दिवाणखान्यात लावायला. पण ते चित्र दुसऱ्या कुठल्या बोटीचं वाटता कामा नये.

बार्डची काम करण्याची पद्धत आपल्याला कळते ती मुख्यतः सॅम्युएल वॉर्ड स्टँटन याच्या लिखाणातून. त्याच्याकडे पुढे येणारच आहे. स्टँटन लिहितो त्याचा सारांश असा, की बार्ड चित्राला हात घालण्याआधी बोट या टोकापासून त्या टोकापर्यंत मोजत असे, आणि बाहेरून दिसणारा एकही भाग त्याच्या चित्रात प्रमाण सोडून नसे. जहाजबांधणारे म्हणत की बार्डच्या चित्रावरून आम्ही बोटीचा आराखडा मांडू शकू. चित्रकाराला याहून मोठी शाबासकी एखाद्या कलासमीक्षकानं दिली असेल, पण एखाद्या सुतारानं दिली नसेल.

त्याची पेन्सिलीची कच्ची रेखाटनं मोठ्या संख्येनं टिकली आहेत, आणि मला तरी ती रंगवलेल्या चित्रांइतकीच मोलाची वाटतात. कागद लांबट, कारण बोट लांबट. पट्टी लावून काढलेल्या रेषा. त्यांच्या अधूनमधून त्याच्या हातच्या टिपा: इथे कुठला रंग, तिथे किती फूट, हा भाग असा, तो तसा. गोदीत उभं राहून, कामगारांच्या ये-जा करण्यात, मोजपट्टी आणि कागद सांभाळत त्यानं हे केलेलं आहे. घरी परतल्यावर आठवणीवर विसंबायला लागू नये म्हणून लिहून ठेवलेलं आहे. यात प्रतिभेचा झटका वगैरे काही नाही. एखादा चांगला मोजणीदार शेताच्या बांधावर जे करतो तेच हा बोटीच्या काठावर करत होता.

आणि ही मोजणी आज इतकी महत्त्वाची का, तर त्या काळच्या अमेरिकी गोद्यांमध्ये बोटी बहुतेक कागदी नकाशांवरून बांधल्या जात नसत. कारागीर आधी लाकडाच्या पट्ट्या एकावर एक जोडून बोटीच्या सांगाड्याचा छोटा नमुना कोरायचा, तोही एकाच अंगाचा, कारण दुसरं अंग त्याचंच प्रतिबिंब. तो नमुना हातात फिरवून, डोळ्यांनी आणि अंगठ्यानं चाचपून पसंत झाला की पट्ट्या सुट्या करून मापं घ्यायची आणि मोठ्या फरशीवर खडूनं पूर्ण आकाराच्या रेषा आखायच्या. बोट पाण्यात उतरली की खडू पुसला जायचा. पाण्याखालच्या आकाराचा नमुना कधी भिंतीवर टांगलेला राहायचा, पण पाण्यावरची सगळी बोट, म्हणजे मजले, सज्जे, खिडक्या, सुकाणूघर, नक्षी, रंग, यांची नोंद कुठेच नाही. ती नोंद बार्डनं केली. एरवी अनेक बोटी आपल्याला केवळ नाव आणि टनेज म्हणून सरकारी वहीत भेटल्या असत्या.

त्यातही यंत्राचा भाग त्याच्या खास जिव्हाळ्याचा. हडसनच्या बोटी ओळखायच्या त्या छतावर हलणाऱ्या लोखंडी तुळईवरून. हिऱ्याच्या आकाराची ही तुळई इंग्रजी ए अक्षरासारख्या उंच लाकडी घोडीवर मधोमध टेकवलेली असायची. खाली बोटीच्या पोटात उभा सिलिंडर. वाफेनं दट्ट्या वर गेला की तुळईचं एक टोक वर, दुसरं खाली. त्या दुसऱ्या टोकाचा दांडा भुजेला जोडलेला, भुजा आसाला, आणि आसाच्या दोन्ही टोकांना पॅडलचाकं. किनाऱ्यावरच्या माणसाला अर्ध्या मैलावरून ही तुळई वरखाली होताना दिसायची. बार्डच्या चित्रात ती नेमक्या एका कोनात थांबलेली असते, तिचे जोड आणि पट्ट्या दाखवत.

दुसरी खूण म्हणजे बोटीच्या अंगावरून जाणारी लाकडी कमान. हडसनच्या बोटी लांबीला अफाट आणि खोलीला उथळ. १८४६ची ‘आयझॅक न्यूटन’ ३०० फुटांहून लांब होती. इतक्या लांब, सडपातळ लाकडी सांगाड्याची दोन्ही टोकं वजनानं खाली वाकायला बघतात. तसं होऊ नये म्हणून पुलाला असते तशी लाकडी जाळीची कमान बोटीच्या दोन्ही अंगांना उभारत. बघायला ती फार देखणी नव्हती, आणि एखाद्या सौंदर्यवादी चित्रकारानं ती हलकेच पुसट केली असती. बार्डनं ती सगळीकडे काढली आहे, जोडासकट, तिला पेलणाऱ्या खांबांसकट. बोट तिच्यामुळे उभी आहे हे त्याला माहीत होतं.

माणसांची गोष्ट वेगळी. त्याची माणसं खरोखरच लाकडी आहेत. खांदे चौकोनी, हात अंगाला चिकटलेले, चेहरे एकसारखे. काही अभ्यासक याकडे कौतुकानं हसत बघतात. मला त्यात एक प्रामाणिक उतरंड दिसते. ज्याला मोजता येतं ते त्यानं मोजून काढलं. उतारूंची मापं घेता येत नव्हती, आणि त्यांच्यासाठी कुणी चित्र मागवलंही नव्हतं. तरीही त्यांना वगळलं असतं तर बोट रिकामी, भाडं न मिळालेली दिसली असती. म्हणून उंच टोपीतले ते गृहस्थ सज्जावर उभे आहेत.

त्याच नदीवर, त्याच वर्षांत, अमेरिकेतली पहिली मोठी चित्रपरंपरा आकाराला येत होती. टॉमस कोल १८२५ साली आगबोटीनंच हडसनवरून वर गेला, कॅट्सकिलचे डोंगर बघून भारावला, आणि त्यानं जी चित्रं काढली त्यांतून ‘हडसन रिव्हर स्कूल’ म्हणून ओळखली जाणारी मंडळी पुढे आली. त्यांच्या कॅनव्हासवर वादळातून उजळणारं आकाश आहे, मोडून पडलेली झाडं आहेत, माणसाचा पाय न लागलेली राई आहे. कोलला तिथे घेऊन जाणारी बोट मात्र या चित्रांत फारशी दिसत नाही. दिसलीच तर दूर पाण्यावर धुराचा एक ठिपका म्हणून. बार्डनं उलटं केलं. त्याच्याकडे डोंगर म्हणजे मागचा पडदा, आणि ठिपका पुढे येऊन सगळी चौकट भरून राहिलेला. कोलची चित्रं संग्रहालयांच्या मानाच्या दालनांत गेली, बार्डची धक्क्यावरच्या कचेऱ्यांत धूळ खात राहिली. पण १८४० साली हडसनच्या काठावर उभं राहिल्यावर काय दिसायचं, या प्रश्नाचं जास्त खरं उत्तर बार्डकडे आहे असं मी बेधडक म्हणेन. नदी माणसांनी, मालानं, धुरानं, शिट्ट्यांनी भरून गेली होती. कोलनं जे हरपत चाललं होतं ते काढलं, बार्डनं जे चाललं होतं ते काढलं.

सुरुवातीची कित्येक वर्षं दोघे भाऊ मिळून काम करत. चित्रांवर सही ‘जे. अँड जे. बार्ड’ अशी जोडीनं. ही जोड १८४०चं दशक सरता सरता संपते आणि पुढे एकट्या जेम्सचं नाव येऊ लागतं. जॉन १८५६ साली न्यू यॉर्कच्या ब्लॅकवेल्स बेटावर वारला. शहरातला अनाथाश्रय, तुरुंग, वेड्यांचं इस्पितळ, म्हणजे ज्यांची सोय कुठेच नाही अशा माणसांची जागा ते बेट होतं. जेम्सचं पुढचं काम तेलरंगात अधिक भक्कम, आकारानं मोठं होत गेलं. १८५०च्या दशकातली त्याची चित्रं सगळ्यांत उत्तम मानली जातात, आणि मलाही तसंच वाटतं. त्यातलं ‘जॉन बर्कबेक’ हे १८५४ सालचं चित्र वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत आहे. गंमत अशी की ही काही मिरवणारी उतारू बोट नव्हे. ही ओढबोट, दुसऱ्यांना खेचत नेणारी कष्टाळू बोट. बार्डनं तिलाही तोच मान, तीच मोजपट्टी दिली.

सहीखाली तो पुष्कळदा घराचा पत्ताही घालत असे: १६२, पेरी स्ट्रीट. ज्याला चित्र आवडेल त्यानं कुठे यायचं ते कळावं म्हणून. मॅनहॅटनच्या ग्रीनिच व्हिलेज भागातली ही गल्ली सरळ हडसनला जाऊन मिळते. आज तिच्या नदीकडच्या टोकाला रिचर्ड मायर या वास्तुशिल्पकारानं उभारलेले काचेचे मनोरे आहेत आणि तिथली घरं शहरातल्या सगळ्यांत महागड्या घरांत मोडतात. बार्डच्या वेळी तिथून चार पावलांवर गोद्या, करवती, डांबर आणि नव्या लाकडाचा वास होता. त्याचं गिऱ्हाईक चालत त्याच्या दारात येऊ शकत होतं, आणि तो चालत त्यांच्या बोटींपर्यंत.

या बोटींची आयुष्यं मात्र फार थोडी. लाकूड, तेलरंग, उघड्या भट्ट्या आणि वेगाची हौस. २८ जुलै १८५२ रोजी ‘हेन्री क्ले’ ही बोट आल्बनीहून न्यू यॉर्ककडे येत होती. ‘आर्मेनिया’ या दुसऱ्या बोटीशी सकाळपासून तिची चुरस चालली होती. दुपारी शहर जवळ आलं असताना तिच्या मधल्या भागात आग लागली. सुकाण्यानं नाळ किनाऱ्यावर चढवली. पुढच्या भागातले लोक उड्या मारून वाचले. मागच्या भागातल्यांच्या आणि जमिनीच्या मध्ये आग होती आणि मागे खोल पाणी. सुमारे ८० माणसं गेली. त्यांत अमेरिकेचा नावाजलेला उद्यानरचनाकार अँड्र्यू जॅक्सन डाउनिंग होता, लेखक नथॅनियल हॉथॉर्नची बहीण होती. बोट बांधणारा टॉमस कॉलियर स्वतः बोटीवर होता. त्याच्यासह मालक-अधिकाऱ्यांवर खटला चालला, ते सुटले. ऑगस्ट संपता संपता अमेरिकी संसदेनं आगबोटींचा नवा कायदा केला: बॉयलरची दाबचाचणी, सरकारी तपासनीस, सुकाणे आणि इंजिनवाल्यांना परवाने.

अशा दुर्घटनांवर चित्रांचा दुसराच बाजार चालत असे. १८४० साली ‘लेक्झिंग्टन’ ही बोट लाँग आयलंडच्या खाडीत जळाली, १४०च्या आसपास माणसं मेली आणि अवघी चार वाचली. नथॅनियल करियर या छापखानेवाल्यानं त्या आगीचं चित्र दगडी छापावर काढून विकलं, आणि त्यानं त्याचं नाव झालं. पुढची ‘करियर अँड आइव्हज’ ही घरोघर पोचलेली कंपनी त्यातून उभी राहिली. बार्डनं तो धंदा केला नाही. त्याची बोट नवी, स्वच्छ, चालू आणि पूर्ण असते. मालकाला तशीच हवी असायची हे खरं. पण साठ वर्षं एकच गोष्ट काढत राहणाऱ्या माणसाला ती तशीच बघायला आवडत होती, असंही मला मनापासून वाटतं. त्याच्या चित्रातल्या बोटींपैकी कोणती पुढे जळणार, कोणती फुटणार, कोणती भंगारात जाणार, हे आज आपल्याला माहीत असतं. ‘आयझॅक न्यूटन’सुद्धा १८६३च्या डिसेंबरात नदीतच जळाली.

बोटींना दुसरा धक्का जमिनीवरून बसला. १८५१च्या ऑक्टोबरात हडसनच्या काठानं आल्बनीसमोरपर्यंत रेल्वे पूर्ण झाली. हिवाळ्यात नदी गोठली की बोटी बंद, गाडी चालू. उन्हाळ्यातल्या सहलींसाठी, मालासाठी, हौसेसाठी बोटी पुढे अर्धशतकाहून जास्त टिकल्या, पण नदीचं राज्य गेलं. आणि बार्डचं पोट चालत होतं तो व्यवसाय आणखी एका वस्तूनं पोखरला. तो म्हणजे कॅमेरा. सुरुवातीला चालत्या बोटीचा फोटो निघणंच कठीण होतं; उतारवयात मात्र बार्डला बघावं लागलं की फोटोवाला गोदीत येतो, काही मिनिटांत काम आटोपतो आणि चित्राच्या मानानं किरकोळ पैसे घेतो. ज्यांना रंगातच बोट हवी होती त्यांच्यासाठी नवे, झपाट्यानं काम करणारे लोक आले. डेन्मार्कहून १८७३ साली आलेला अँतोनियो याकोबसेन आधी तिजोऱ्यांच्या दारांवर चित्रं रंगवायचा. पुढे त्यानं समुद्रावरच्या मोठ्या जहाजांची हजारो चित्रं केली. त्याच्या चित्रांत लाटा आहेत, आकाश आहे, जहाज पुढे धावतंय असं वाटतं. बार्डची पद्धत त्याच्या शेजारी जुनाट दिसू लागली असणार.

तरी बार्ड थांबला नाही. १८९०च्या सुमाराची, म्हणजे त्याच्या पंचाहत्तरीतली त्याची कामं आहेत. बोट तशीच, डावीकडे जाणारी. २६ मार्च १८९७ रोजी न्यू यॉर्क शहराच्या उत्तरेला व्हाइट प्लेन्स इथे तो गरिबीत वारला.

त्याच्यावर मृत्युलेख लिहिला तो सॅम्युएल वॉर्ड स्टँटननं, ‘सीबोर्ड’ या जहाजवाहतुकीच्या पत्रात. स्टँटननं तेव्हा तिशीही गाठली नव्हती. वडिलांचा न्यूबर्गला जहाजबांधणीचा कारखाना होता, त्यामुळे बोटी त्याच्या घरच्या. स्वतः उत्तम रेखाटनकार. अमेरिकी आगबोटींच्या शेकडो रेखाटनांचं त्याचं पुस्तक १८९५ साली आलं होतं. तो बार्डला भेटला होता. कुणाला दखल घ्यावीशी वाटली नाही अशा म्हाताऱ्याबद्दल या तरुणानं नीट चौकशी करून लिहिलं, आणि बार्डनं सुमारे ४,००० बोटींची चित्रं काढल्याचं नोंदवलं. हा आकडा फुगवलेला असेल असं काहींना वाटतं. हिशेब केला तर आठवड्याला एकाहून थोडी जास्त पडतात. कच्ची रेखाटनं धरली तर मला तो अशक्य वाटत नाही. तो लेख नसता तर बोट मोजून काढण्याची त्याची रीत, गोदीवाल्यांचा अभिप्राय, ‘बेलोना’, यांतलं फार थोडं आपल्या हाती राहिलं असतं.

या स्टँटनचं पुढे काय झालं हे सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. तो हडसनवर चालणाऱ्या नव्या, पोलादी, आलिशान बोटींसाठी भित्तिचित्रं करू लागला. १९१२ साली ‘वॉशिंग्टन आयर्व्हिंग’ नावाची प्रचंड उतारू बोट बांधली जात होती. लेखक आयर्व्हिंगनं स्पेनमधल्या आल्हाम्ब्रा राजवाड्यावर लिहिलं होतं, म्हणून तिच्या सजावटीसाठी आल्हाम्ब्राची चित्रं हवी होती. स्टँटन त्यासाठी ग्रनाडाला गेला, रेखाटनं केली आणि परतीसाठी फ्रान्सच्या शेर्बूर बंदरात दुसऱ्या वर्गाचं तिकीट काढून ‘टायटॅनिक’वर चढला. तो परत आला नाही.

बार्ड पुन्हा लोकांसमोर आला तो जहाजवेड्या संग्राहकांमुळे. ब्रुकलिनच्या एल्विन एल्ड्रेज यांनी आगबोटींशी संबंधित कागदपत्रं आणि चित्रं आयुष्यभर जमवली. १९४० साली तो संग्रह व्हर्जिनियातल्या न्यूपोर्ट न्यूजच्या मरिनर्स म्युझियमनं घेतला आणि त्याबरोबर बार्डचं मोठं घबाड तिथे आलं. १९४९ साली हॅरॉल्ड स्निफन आणि अलेक्झांडर क्रॉसबी ब्राउन यांनी या भावांवर पहिला नेटका अभ्यास आणि चित्रांची यादी छापली. पुढे अँथनी पेलुसो यांनी हा विषय हाती घेतला तो सोडलाच नाही; १९७७ साली एक पुस्तक केलं आणि बार्डच्या शंभराव्या स्मृतिवर्षात, १९९७ साली, मरिनर्स म्युझियमच्या साथीनं मोठा ग्रंथ. दुसऱ्या बाजूनं लोककलेचे चाहते आले. क्रायस्लर मोटारवाल्यांची मुलगी बर्निस आणि तिचा नवरा एडगर गार्बिश यांनी शाळेबाहेरच्या चित्रकारांची कामं झपाट्यानं गोळा केली आणि वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीला दिली; ‘जॉन बर्कबेक’ त्यातूनच आलं.

लोककलावंत, भाबडा, स्वयंशिक्षित ही विशेषणं तेव्हापासून बार्डला चिकटली आहेत. यातलं ‘स्वयंशिक्षित’ मान्य. ‘भाबडा’ हे मात्र मला मुळीच पटत नाही. तुळईचा जोड कुठल्या बाजूला आहे आणि कमानीचा कुठला खांब भार घेतो हे ज्याला कळतं, तो माणूस आपल्या विषयाचा पंडित आहे. त्याला दूरचं लहान आणि जवळचं मोठं दाखवण्याची शाळेतली रीत येत नसेल. पण ती वापरली असती तर बोटीचं मागचं टोक आखूड झालं असतं, आणि फुटाला फूट जुळवून बघणारं त्याचं गिऱ्हाईक ते परत घेऊन आलं असतं. सगळ्या बोटी एकाच बाजूनं, एकाच पद्धतीनं दिसतात म्हणून तर त्यांच्यातले फरक डोळ्यांत भरतात. ही बोट तिच्यापेक्षा एक मजला उंच, हिचे बॉयलर काठावर बाहेर काढलेले, हिचं सुकाणूघर पुढे सरकलेलं. शेपन्नास चित्रं ओळीनं लावली की १८३० ते १८८० या काळात हडसनची आगबोट कशी वाढली, कशी लांबली, तिच्या धुराड्यांनी जागा कशा बदलल्या, याचा इतिहासच समोर येतो. बोटींचे लाकडी नमुने करणारे कारागीर आणि जहाजांच्या इतिहासाचे अभ्यासक आजही या चित्रांवरून मापं काढतात.

हे वाचणाऱ्यांत अनेकांची मुलं-नातवंडं जर्सी सिटीत, एडिसनमध्ये राहत असतील, रोज हडसन ओलांडून कामाला जात असतील. ज्या काठावरून ती फेरीत चढतात तिथेही एके काळी आगबोटींच्या गोद्या होत्या. ‘क्वीन ऑफ द हडसन’ म्हणून लाडावलेली ‘मेरी पॉवेल’ १८६१ साली जर्सी सिटीतच मायकेल ॲलिसनच्या गोदीत बांधली गेली आणि पन्नासहून अधिक वर्षं नदीवर चालली. बार्डची मूळ चित्रं बघायला मरिनर्स म्युझियमपर्यंत जायला हवं असं नाही. मॅनहॅटनमध्येच ‘न्यू यॉर्क हिस्टॉरिकल’ या संग्रहालयाकडे त्याची कामं आहेत. वॉशिंग्टनला गेलात तर नॅशनल गॅलरी आहे, आणि तिच्या संकेतस्थळावर ‘जॉन बर्कबेक’ घरबसल्या मोठं करून पाहता येतं. जुन्या घरांतून, बंद पडलेल्या कंपन्यांच्या अडगळीतून अजूनही एखादं चित्र निघतं आणि लिलावात येतं. स्टँटनच्या चार हजारांपैकी आज ठाऊक असलेली काही शेच आहेत.